फुलचुखी आणि विसूआजोबांची जास्वंद

बसा बरं मांडी घालून. ए ठमे, अंगठा तोंडातून काढ. हं, आता ऐका!

एक होती फुलचुखी. फुलातला रस पिणारं एवढंस्सं पाखरू! तिचे दोस्त होते विसूआजोबा. आजोबांना झाडांचा भारी नाद. डब्यात झाड, कपात झाड, फुटक्या बादलीत झाड! आणि दारात लालभडक जास्वंद.

आजोबा खूप म्हातारे झाले. मग ते देवाघरी गेले.

फुलचुखी आली, भुर्र भुर्र! बघते तर काय? जास्वंद सुकलेली. फूल नाही, रस नाही. पोटात कावळे ओरडतायत!

"जास्वंदीबाई, जास्वंदीबाई, फूल ना! मी पिऊ काय?"

"झारी भरेल, तर मी फुलेन."

भुर्र भुर्र! गेली झारीकडे.

"झारीताई, झारीताई, भर ना! जास्वंद फुलेना, मी पिऊ काय?"

"नळ सुटेल, तर मी भरेन."

भुर्र भुर्र! गेली नळाकडे.

"नळोबा, नळोबा, सूट ना! झारी भरेना, जास्वंद फुलेना, मी पिऊ काय?"

"आजी उठेल, तर मी सुटेन."

भुर्र भुर्र! गेली आजीकडे. आजोबांच्या मागं आजी एकटीच खिडकीत बसलेली.

"आजीबाई, आजीबाई, ऊठ ना! नळ सुटेना, झारी भरेना, जास्वंद फुलेना, मी पिऊ काय?"

"माझी नात रेणू हसेल, तर मी उठेन. पोर हसतच नाही गं बाई!"

भुर्र भुर्र! गेली रेणूकडे. रेणू तिथंच, कॉटखाली.

"रेणूबाळ, रेणूबाळ, हस ना! आजी उठेना, नळ सुटेना, झारी भरेना, जास्वंद फुलेना, मी पिऊ काय?"

"आजोबा येतील, तर मी हसेन."

अगं बाई! आता कुठं जायचं? देवाघरून कुणी परत येतं का? नाही येत, बाळांनो.

फुलचुखीला रडूच आलं. चिक चिक, चिक चिक!

"मला पण आजोबा हवेत," ती म्हणाली. "ते देवासाठी फुलं तोडायचे. पण एक झाडावरच ठेवायचे, माझ्यासाठी. 'हे पाखराचं, हात नाही लावायचा!' म्हणायचे."

रेणू कॉटखालून बाहेर आली.

"हो! एकदा आजीनं ते तोडलं, तर आजोबा रुसले. चहाच प्यायले नाहीत!"

"प्यायले नाहीत?" आजी म्हणाली. "अगं, गुपचूप प्यायले! दाराआड लपून. पण मिशीला साय लागलेली ना!"

"मिशीला साय!" रेणू खुदकन हसली. मग खी खी हसली. मग खो खो हसली. आजी पण हसली. डोळे पुसत पुसत हसली.

रेणू हसली, आजी उठली.
आजी उठली, नळ सुटला. धो धो!
नळ सुटला, झारी भरली. बुड बुड!
झारी भरली, जास्वंद भिजली. झुळु झुळु!

रोज रोज भिजली. आणि एका सकाळी काय झालं? जास्वंद फुलली! लाल लाल, मोठ्ठी!

भुर्र भुर्र! फुलचुखी आली. चोच घातली, चुट चुट रस प्यायली. पोट झालं टम्म! हुश्श!

रेणू झारी घेऊन उभी होती. झारी जड, हात चिमुकले, फ्रॉक सगळा ओला.

"फुलचुखे, उद्या पण ये हं," ती म्हणाली. "आता पाणी मी घालते."

फुलचुखीचं पोट भरलं, गोष्टीचं पण भरलं. तुमचंच राहिलं. चला चला, भात गार होतोय!