परतीचा मासा

खाडी जिथे समुद्राला मिळते, अगदी तिथल्या वाळूवर फार पूर्वी कोळ्यांचे एक गाव होते. गाव लहान, होड्या सात, आणि सातही लहानच. चार माणसे, चार वल्ही आणि एक शीड, एवढाच एकेका होडीचा संसार. पण ही माणसे जायची मात्र फार लांब, कारण त्यांना हवा असायचा कुपा मासा.

कुपा काठाशी येत नाही. चांगला भरलेला कुपा उचलायला दोन माणसे लागतात, आणि पळतो असा की थांबणे त्याला ठाऊकच नाही. गावामागची टेकडी नखाएवढी दिसेपर्यंत होडी न्यायची, पाण्यावर पाखरे घिरट्या घालताना दिसली की गळाला तारलीसारखा बारका मासा लावून दोर सोडायचा आणि देवाचे नाव घ्यायचे. बरे, हा मासा यायचा कधी, तर आश्विनात. आश्विनातले आभाळ म्हणजे नवा जावई. हसता हसता कधी रुसेल याचा नेम नाही. सकाळी आरशासारखे पाणी आणि दुपारी घराएवढ्या लाटा, असे त्या गावाने पुष्कळदा पाहिले होते.

म्हणून गावात एक रीत होती. होडीतल्या कोणालाही लक्षण ठीक दिसले नाही, अगदी तळाशी बसून पाणी उपसणाऱ्याला जरी दिसले नाही, तरी त्याने ‘फिरवा’ म्हणायचे आणि होडी फिरवायची. का, कशाला, असे विचारायचे नाही. त्याने एक वल्हे उभे धरून त्याला कापड बांधायचे, म्हणजे बाकीच्या होड्यांना कळायचे. ज्यांना यायचे त्यांनी यावे, नाही त्यांनी थांबावे.

आणि रीत इथेच संपत नव्हती. थांबलेल्या होड्या संध्याकाळी मासे घेऊन आल्या, की गोमीबय नावाची एक म्हातारी पाटी घेऊन किनाऱ्यावर उभी असायची. ती होड्यांमधून हिंडून मनाला येईल तो एक कुपा उचलायला लावायची आणि लवकर परतलेल्या होडीच्या चार घरांत वाटायची. त्याला म्हणायचे परतीचा मासा. तिने मासा निवडला की नाक मुरडायची सोय नव्हती. बय तोंडाची फटकळ होती, आणि तिच्याशी वाद घालण्यापेक्षा मासा दिलेला परवडायचा.

आता यात एक गोम होती. आभाळ दहा वेळा डोळे वटारायचे, आणि त्यातल्या आठ वेळा पुढे काहीच व्हायचे नाही. होडी परत यायची, वाळूवर ओढली जायची आणि वर स्वच्छ ऊन. परतलेली माणसे पाय पसरून विडी ओढत बसायची. बाकीचे दिवसभर राबून यायचे आणि वर त्यांनाच मासा द्यायचे.

या गावातला सगळ्यात तरबेज नाखवा होता चांगो. पाखरांची एक घिरटी पाहून खाली किती कुपा आहे ते तो सांगायचा, असे लोक म्हणत. तो स्वतःही म्हणायचा, आणि जरा जास्तच वेळा म्हणायचा. त्याच्या होडीत पाणी उपसायला आंबो होता. आंबो चांगोच्या वडिलांचा जुना सोबती. वय झालेले, बोलणे कमी, नजर मात्र सदा पाण्यावर. त्या वर्षी आश्विनात आंबो चार वेळा ‘फिरवा’ म्हणाला, चार वेळा चांगोने होडी फिरवली, आणि चारही वेळा आभाळ मेले हसतच राहिले.

चौथ्या वेळी बयने परतीचा मासा चांगोच्या दारात आणला, तेव्हा तो दार अडवून उभा राहिला.

“मना नको ह्यो मासा,” तो म्हणाला. “गावातला पयला नाखवा मी, आन माझ्या चुलीवर दुसऱ्याचा कुपा शिजतो? लाज वाटते.”

“खायला कसली लाज रं?” बय म्हणाली.

पण चांगोचे डोके फिरले होते. त्याने दुसऱ्या दिवशी गाव वाळूवर जमवले. “यापुढं परतीचा मासा बंद,” तो म्हणाला. “मी घेनार नाय, देनार बी नाय. जो घाबरून पळतो त्यानं आपली चूल आपन बघावी.”

ज्यांचे मासे आजवर पाटीत गेले होते त्यांना हे ऐकून आतून गुदगुल्याच झाल्या. त्यांनी माना डोलावल्या. मग चांगो आंबोकडे वळला. “आन आंबोदा, तुला बी सांगतो. पुन्यांदा उगाच ‘फिरवा’ म्हनलास, तर माझ्या होडीतून उतरायचं.”

 बयने पाटी वाळूत पालथी घातली आणि तिच्यावर बसून राहिली. “त्यो मासा भित्र्यासाठी नव्हता रं पोरांनो,” एवढेच ती म्हणाली. पण मग कोणासाठी होता, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

त्या दिवसापासून गावात कोणी ‘फिरवा’ म्हणेनासे झाले. रिकाम्या हाताने घरी जायचे, पोरांपुढे रिकामे ताट ठेवायचे आणि वर शेजाऱ्यांचे हसू झेलायचे, एवढी छाती कोणाची असते? नवल म्हणजे पुढचे आठ-दहा दिवस आभाळही कसे निर्मळ राहिले. चांगो मिशीला पीळ देत हिंडत होता.

मग एका पहाटे सातही होड्या बाहेर पडल्या. टेकडी नखाएवढी झाली आणि चांगोला पाखरे दिसली. एवढी पाखरे त्याने जन्मात पाहिली नव्हती. दोर सोडायचा अवकाश, कुपा तुटून पडला. एक ओढून घेतात तोवर दुसरा. माणसांचे तळहात सोलवटले, तरी कोणी हूं की चूं केले नाही. सातही होड्यांत आनंदीआनंद चालला होता.

आंबो उपसता उपसता थांबला.

वारा जमिनीकडून येत होता, हलका, रोजच्यासारखा. पण होडीखालचे पाणी उलट बाजूने, भर समुद्राकडून, लांबलचक उचलत होते. वर लाट नाही, फेस नाही, नुसते सावकाश उचलणे आणि सोडणे. जेवण्याआधी देव्हाऱ्यापुढे जरा थांबावे तसा वारा मग एकाएकी थांबला. थोड्याच वेळात पाखरेही उठली. खाली एवढा मासा असताना ती घिरट्या सोडून जमिनीच्या दिशेने निघून गेली.

आंबोच्या जिभेवर शब्द आला. तो त्याने गिळला. या वयात दुसरी कोणती होडी त्याला घेणार होती? घरी त्याची बायको पोशी होती, दोन नातवंडे होती. परतीचा मासा असता तर गोष्ट वेगळी होती. तो खाली मान घालून पाणी उपसू लागला. मी त्याला दोष देणार नाही. तुम्हीही देऊ नका.

पण मान काही खाली राहीना. त्याने शेजारच्या होडीकडे पाहिले. तिथला नाखवा दोर ओढत होता आणि डोळे मात्र पश्चिमेकडे लागले होते. त्याच्या पलीकडच्या होडीतही तेच. आंबोने हळूच चांगोकडे पाहिले. चांगोही दोर हातात धरून पश्चिमेकडेच बघत होता, आणि आंबोची नजर लागताच त्याने झटकन तोंड फिरवले.

तेव्हा आंबोला कळले. दिसत सगळ्यांनाच होते. बोलत कोणीच नव्हते. अठ्ठावीस माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघत मरायला बसली होती, केवळ कोणी हसू नये म्हणून! त्याला आधी राग आला, मग भीती वाटली, आणि मग त्या सगळ्यांची फार कीव आली.

“फिरवा,” आंबो म्हणाला.

कोणी हलले नाही. तो उठून उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, “फिरवा!”

“आंबोदा,” चांगो दात आवळून म्हणाला, “मी काय सांगितलंय ते ध्यानात हाय ना? उतरावं लागंल.”

“उतरीन की,” आंबो म्हणाला. “पन किनाऱ्यावर उतरीन. हितं नाय.”

आणि त्याने डोक्याचा लाल रुमाल सोडून वल्ह्याला बांधला आणि वल्हे उभे धरले.

जणू सगळे त्या रुमालाचीच वाट बघत होते. दोर वर आले, शिडे फिरली, आणि बघता बघता बाकीच्या सहाही होड्यांनी टेकडीकडे तोंडे केली. राहिली ती एकच. चांगोच्या दोराला त्याच क्षणी कुपा लागला होता. आणि कुपा तरी कसला! होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोकच, त्याने खाली दाबली. एवढा मासा गावात आणला असता तर चांगोचे नाव तीन पिढ्या निघाले असते. चांगोने दोर दोन्ही हातांनी धरला होता आणि तो आंबोकडे बघत होता.

आंबोने सुरी काढली. पण दोर कापला नाही. मुठीची बाजू पुढे करून सुरी त्याने चांगोपुढे धरली. चांगोने एकदा पाण्याकडे पाहिले, एकदा पश्चिमेकडे, आणि सुरी घेऊन दोर कापून टाकला.

मग मात्र जे झाले ते फार वेगाने झाले. पश्चिमेची कड काळी पडली आणि वारा आला तो एकदम मागून, दांडगा. शीड उतरवावे लागले. लाटा होडीच्या पाठीवर चढू लागल्या. माशांच्या भाराने होडी जड झाली होती. आंबो उपसायचा त्याच्या दुप्पट पाणी आत यायचे.

“मासे टाका!” चांगो ओरडला. हे वाक्य आपल्याच तोंडून निघाले यावर त्याचा विश्वास बसेना. पण त्याने स्वतः पहिला कुपा उचलला आणि समुद्राला परत दिला. मग दुसरा, मग तिसरा. होडी हलकी झाली, तशी ती लाटेवर उचलली जाऊ लागली.

किनाऱ्यावर अख्खे गाव उभे होते. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. होड्या एकामागून एक त्यातून आत आल्या. सहा आल्या. सातवी दिसेना. पोशीने पदर तोंडात धरला होता. चांगोची बायको वाळूतच बसली. गोमीबय मात्र पालथ्या पाटीशी उभी राहून डोळ्यांवर हात धरून बघत होती.

“त्यो बगा लाल!” ती एकदम किंचाळली.

दोन लाटांच्या मधे लाल रुमाल दिसला, नाहीसा झाला, पुन्हा दिसला. मग अर्धी पाण्याने भरलेली होडी एका मोठ्या लाटेबरोबर आत फेकली गेली आणि वीस माणसांनी कमरेइतक्या पाण्यात शिरून तिला धरले. आंबो अजून उपसतच होता. चांगोने त्याच्या हातातला पोहरा काढून घेतला तेव्हा कुठे तो थांबला. बाहेर समुद्र असा काही खवळला होता, की अजून तासभर कोणी थांबले असते तर त्याचे कापडसुद्धा हाती लागले नसते.

आंबो होडीतून उतरला आणि हात जोडून म्हणाला, “उतरलो, नाखवा.”

चांगोने काय करावे? त्याने त्या म्हाताऱ्याला मिठी मारली आणि सगळ्या गावादेखत रडला. “मना बी दिसलं होतं, आंबोदा,” तो म्हणाला. “तुझ्या आधी दिसलं होतं. पन रीत मीच मोडलेली, मग बोलू कुठल्या तोंडानं?”

“आता कळलं, त्यो मासा कुनासाठी होता?” बय म्हणाली. तिने पालथी पाटी सरळ केली आणि सात होड्यांमधून हिंडू लागली. सगळ्या रिकाम्या, कारण वाटेत सगळ्यांनीच मासे टाकले होते. चांगोच्या होडीत तळाच्या फळीखाली मात्र एक कुपा अडकून राहिला होता, लहानसाच, घाईत कोणाला न दिसलेला. चांगोने तो काढून पाटीत ठेवला. त्या दिवशी सगळ्याच होड्या परतलेल्या होत्या, म्हणून बयने मोठ्या हंड्यात त्या एका माशाचे कालवण केले. वाट्याला जेमतेम एकेक फोड आली. पण जेवताना कोणाच्या शेजारची जागा रिकामी नव्हती, त्यामुळे कमी पडले असे कोणी म्हटले नाही.

पंधरा दिवसांनी होड्या पुन्हा कुप्याला गेल्या. टेकडी नखाएवढी झाली, मासा लागू लागला, आणि आंबोने जरा वेळ पाण्याकडे बघून म्हटले, “फिरवा.”

चांगोने वल्ह्याला स्वतःच्या हाताने रुमाल बांधला. बाकीच्या होड्या थांबल्या. ही एकटी होडी परत आली, वाळूवर ओढली गेली, आणि वर दिवसभर स्वच्छ ऊन पडले. एक ढग नाही, एक झुळूक नाही. आंबो ओशाळून पायाने वाळू उकरत बसला. चांगोने त्याला विडी दिली आणि स्वतःही शेजारी पाय पसरून बसला.

संध्याकाळी गोमीबय पाटी घेऊन दारात आली. या वेळी चांगोने दार अडवले नाही. त्याने वाकून दोन्ही हातांनी आपला वाटा घेतला, आणि आत वळून बायकोला म्हणाला, “अगो, मसाला वाट. परतीचा मासा आलाय.”

तात्पर्य सांगायचे तर इतकेच: वादळ आले नाही म्हणून परत फिरणारा वेडा ठरत नाही. ‘फिरवा’ म्हणणाऱ्याला हसू नका, आणि त्या दिवशी त्याची चूल विझू देऊ नका. म्हणजे खऱ्या वादळाच्या दिवशी तो गप्प बसणार नाही.