खारट धुक्याचे एकवीस दिवस

"सही का करत नाही, सर?"

निरंजन सोवनीचा आवाज चढला होता. चढणारच! एकवीस दिवस तो प्रयोगशाळेतल्या खारट धुक्याच्या पेटीपाशी डोळ्यांत तेल घालून बसला होता. मिठाच्या पाण्याचे तुषार सोडणाऱ्या त्या पेटीत विमानातल्या यंत्राचा एक ॲल्युमिनियमचा डबा, आणि त्याच्या झाकणाखाली धातूच्या जाळीची पट्टी. बाहेरच्या रेडिओलहरी आत घुसू नयेत म्हणून ती बसवतात. समुद्राकाठी उडणाऱ्या विमानात ती गंजली, तर लहरी अडतात की नाही, एवढंच तपासायचं होतं.

अडत होत्या. अगदी नव्या पट्टीइतक्या! संध्याकाळी अहवाल गेला की तसल्या पट्ट्या चाळीस विमानांत बसणार होत्या. आणि हा म्हातारा पेनाचं टोपणसुद्धा काढेना.

प्रयोगशाळेचे प्रमुख मुकादम सर अहवालाची पानं उलटत राहिले.

"आकडे चुकलेत?"

"नाही."

"यंत्र बिघडलंय?"

"नाही."

"मग माझ्यावर विश्वास नाही, असं सरळ म्हणा ना!"

सरांनी अहवाल मिटला.

"पेटीतून काढल्यावर काय केलंस?"

निरंजनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काय शाळकरी पोराला विचारल्यासारखं विचारणं!

"डबा उघडला. पट्टी पुसली, झाकणाची कड पुसली, स्क्रू पुन्हा आवळले, मग मोजलं. तसला बरबटलेला डबा मोजणीच्या खोलीत नेऊ? माझं काम स्वच्छ असतं, सर."

"कशाने पुसलंस?"

"फडक्याने! आणखी कशाने?"

"आण."

निरंजनने कचऱ्याच्या टोपलीतून फडकं ओढून काढलं आणि टेबलावर आपटलं. ते वाळून कडक झालं होतं. पांढरी भुकटी उडाली आणि सरांच्या बाहीवर बसली.

सरांनी ती झटकली नाही. फडकं उलगडून तळहाताने सपाट केलं. काळपट डाग, पांढरे पापुद्रे... बराच वेळ बघत राहिले.

मग त्यांनी टोपण काढलं आणि फडक्यावर सही केली. खाली तारीख घातली.

"ही थट्टा आहे, सर!" निरंजन ओरडला. "सही अहवालावर करतात!"

सरांनी फडकं अहवालाला टाचून त्याच्यापुढे सरकवलं.

"आपल्याला गंज तपासायचा होता ना, बाबा? तो सगळा इथे आहे."