शेवंतामायनं जिनाला घातलेलं पांघरूण

फार वर्षांपूर्वी आमच्या बोरखडीत कापसाचं जिन होतं. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. पुढे यंत्रं थकली, कापूस दुसऱ्या गावी जाऊ लागला आणि जिनाच्या मालक शेठनं ती रिकामी इमारत गावच्या ख्रिस्ती मंडळीला देऊन टाकली. मंडळी तोवर चिंचेखाली उपासना करायची. आधी सात घरं होती, मग चाळीस झाली, पण चिंचेची सावली काही वाढेना.

त्या जिनात पोती शिवणारी एक बाई होती, शेवंतामाय. तिची सुई वीतभर लांब होती आणि जीभ त्याहून थोडी लांब, असं म्हणतात.

इमारत मिळाली तसा जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या सभेचा निरोप आला. पौषात सभेचे तीन वडील, म्हणजे मंडळ्यांवर देखरेख करणारे पुढारी, येतील, जागा उपासनेजोगी दिसली तर बोरखडीला स्वतःचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, मिळेल. नाहीतर मंडळी सहा कोसांवरच्या गावाला जोडली जाईल. सहा कोस! म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आणि बाळंतिणींनी उपासनाच सोडायची की काय?

सगळे कामाला लागले. यंत्रांचे चौथरे फोडले, पत्र्याची भोकं बुजवली. लाजरस गवंड्यानं भिंतींना चुन्याचा गिलावा केला आणि तो असा घोटला, की बाया त्यात बघून पदर सारखा करायच्या. मिरवायची हौस आमच्या गावाला पहिल्यापासूनच.

वडील यायच्या आदल्या दिवशी सकाळी उपासना चालवणारे मास्तर बायबलातलं वचन वाचून बघायला उभे राहिले. पहिला शब्द भिंतीवर आपटून परत आला आणि दुसऱ्याच्या उरावर बसला. एकदा म्हटलेलं आमेन सात वेळा ऐकू आलं, असं म्हणतात. वचन मात्र कुणालाच कळेना. मास्तर ओरडू लागले तसा गलका आणखीच वाढला. लाजरस डोक्याला हात लावून बसला.

"सोळा वर्सं मी हितं पोती शिवली," शेवंतामाय मागून म्हणाली. "कापूस भरलेला असला की शब्द नीट कानी यायचा. आता ते उघडं पडलंय, म्हून वरडतंय. पांघरूण घाला त्याला."

"येवढा कापूस आणायचा कुठून, माय?" लाजरस म्हणाला.

"कापूस नसंना. गोधड्या हायेत की घरोघर."

"पौषाची थंडी हाय. लेकरं गारठतील."

शेवंतामाय तशीच मागे फिरली. ती घरी गेली, आपली एकुलती एक गोधडी घेऊन आली आणि लाजरसच्या त्या आरशासारख्या भिंतीवर खिळा ठोकून टांगली. मग कुणाला राहवणार? दुपारपर्यंत चाळीस घरं रिकामी झाली. माय गोधडीला गोधडी जोडत राहिली, आणि तिचा शेवटचा टाका पडेपर्यंत सूर्य मावळायचा थांबला, असं म्हणतात. त्या रात्री गावात एकही लेकरू साधं खोकलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी वडील आले. त्यांच्यातले थोरले मुद्दाम शेवटच्या रांगेत, म्हाताऱ्यांच्या शेजारी जाऊन बसले. मास्तर घरात बोलावं तसे वाचू लागले, आणि शब्द न् शब्द मागे पोचला. थोरल्यांचे डोळे भरून आले. "ह्या मंडळीला पाळक देऊ," ते म्हणाले, आणि हे उपासनेचं देऊळ बांधणारा गवंडी कोण, असं त्यांनी विचारलं. लाजरसनं शेवंतामायकडे बोट दाखवलं. त्या बोटाचाही आम्हाला अभिमान आहे.

आजही दर पौषात प्रत्येक घर नवी गोधडी शिवून त्या भिंतीवर टांगतं, आणि जुनी ज्याच्याकडे पांघरूण नाही त्याला देतं, मग तो कुठल्याही देवाचा असो. आणि नवा पाळक आला की त्यानं आधी एक ओळ हलक्या आवाजात वाचायची. शेवटच्या रांगेतली सगळ्यांत म्हातारी बाई हात वर करून "पोचलं" म्हणते, तेव्हाच उपासना सुरू होते. तिचा हात वर गेला नाही, तर आमच्या बोरखडीत बिशपालाही थांबावं लागतं.