दाराआडचा पाहुणा

त्या मुलखात माणसे नव्हती, घरेच होती. प्रत्येक घराला दोन खिडक्या आणि एकच दार होते. खिडक्यांतून नुसते पाहता येई. धान्य आणि पाणी दारातूनच आत जाई. हसणे, बोलणे, गाणे दारातूनच बाहेर येई. ज्याचे दार सताड उघडते ते घर सुखी, असे तिथे सगळे मानत. आणि ही घरे कोण आले ते पाहून दार उघडत नसत. वास घेत आणि उघडत.

मुलखाच्या कडेला, ओलसर सावलीतल्या बागेत वेलची राहत असे. सणाच्या दिवशी खिरीची वाटी घेऊन ती घरोघर जाई. ती अजून वळणावर असतानाच पुढची दारे उघडू लागत. लहान घरे तिला वेलचीमावशी म्हणत आणि तिच्या येण्याने इतकी खूश होत की त्यांची तोरणे हलत. पण सण सरला की पुढच्या सणापर्यंत तिला कुणी विचारत नसे. याचे तिला फार वाईट वाटे. दिसायला गोष्ट एवढीशीच होती, पण पुढचे सगळे तिच्यातूनच घडले.

सीमेपलीकडच्या कोरड्या रानात कडुबा राहत असे. अंगाने वाळलेला, रंगाने तपकिरी आणि वासाने उग्र. तो वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला तरी दारे धाडकन लागत. काही म्हाताऱ्या घरांशी त्याची ओळख होती, पण ती घरे एकेक करून पडत चालली होती, आणि नवे घर त्याला उंबऱ्याशीही उभे करीना. त्याची एकच मैत्रीण होती, पोफळीबाई. ही मोठी मानाची बाई. लग्न असो वा पूजा, तिला पाटावर बसवल्याशिवाय कार्य सुरू होत नसे. अशा बाईवर संशय घ्यायचा कुणी?

एके दुपारी ही जोडी वेलचीच्या बागेत आली.

“ताई, मला तुमचं काही नको,” कडुबा हात जोडून म्हणाला. “फक्त माझ्यापुढं चार पावलं चाला. तुमच्यासारखं नाव या मुलखात आहे कुणाचं?”

“पण मी सणालाच बाहेर पडते हो.”

“हेच तर वाईट झालंय! तुमच्यासारखीनं वर्षभर कोपऱ्यात बसायचं? आम्ही तुम्हाला रोज नेऊ. दिवसातनं दहादा नेऊ.”

वेलची हरखली. तिने पोफळीबाईकडे पाहिले. पोफळीबाईने समजूतदारपणे मान डोलावली. वेलची हो म्हणाली, पण तिने एक अट घातली. बागेसमोर नुकतेच एक बुटके घर उभे राहिले होते. सगळे त्याला ठेंगू म्हणत. त्याच्या भिंतींचा रंग अजून ओला होता. तिन्हीसांजेला त्याच्या उघड्या दारातून असे गाणे येई की वेलची हातातले काम टाकून ऐकत बसे.

“त्या ठेंगूच्या दारात मात्र जायचं नाही.”

“गळ्याची शपथ, ताई,” कडुबा म्हणाला.

पाहुणा चांगला असेल तर आपल्याला ही अट का घालावीशी वाटली, हे वेलचीने स्वतःला विचारले नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती पुढे आणि ते दोघे मागे, असे मुलखात फिरू लागले. दारे पटापट उघडली. मावशीचा भाऊ तो मामाच, म्हणून लहान घरांनी कडुबाला मामा करून टाकले. वेलची दारातूनच परतायची, तिचा वास दोन क्षण दरवळायचा आणि विरायचा. मामा मात्र आत राहायचा. तो माजघरात जात नसे, जेवत नसे. दाराआडच्या सांदीत पाठ टेकून नुसता बसून राही. घराला आधी गरगरे, मग बरे वाटे, आणि तो उठून गेला की काही सुचेनासे होई. मग घर स्वतःच त्याला हाका मारी.

उंबऱ्यांवर लाल ओघळ दिसू लागले. दाराआडच्या भिंतीवर पांढरे चट्टे उमटले. पोफळीबाईच्या अंगाचे राठ धागे बिजागऱ्यांत शिरून आवळत गेले, आणि दारे करकरू लागली. वेलचीला यातले काहीच माहीत नव्हते. तिला रोज मिरवायला मिळत होते.

मग एके दिवशी वेशीजवळचे थोरले घर, जे पहाटेच्या ओव्यांसाठी सगळ्या मुलखात ओळखले जाई, अर्ध्यातच अडकले. त्याचे दार वीतभर उघडे आणि तिथेच थांबे. तक्रार तराजूकडे गेली. त्या मुलखाचा न्याय तराजू करीत असे. तो स्वभावाने सरळ, काट्याला पक्का आणि मनाने वाईट मुळीच नव्हता. त्याने कडुबाला आणि पोफळीबाईला एका पारड्यात बसवले, तसे ते पारडे दाणकन जमिनीला टेकले. तराजू हादरला. त्याने त्याच दिवशी दवंडी पिटवली: कडुबा आणि पोफळी यांनी यापुढे या मुलखात एकत्र फिरता कामा नये. शिवाय कडुबाने गळ्यात बंद दाराचे चित्र लटकवूनच हिंडावे.

कडुबा सगळ्यांसमोर रडला. घरांना त्याची दया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीतून दोन पालख्या आत आल्या. एकीत कडुबा, एकीत पोफळीबाई, आणि मध्ये हातभर अंतर. दोन्ही पालख्यांवर वेलचीचे हसरे तोंड रंगवले होते, पालखीपेक्षा मोठे. बंद दाराचे चित्रही कडुबाच्या गळ्यात होते. त्याला त्याने सोनेरी झालर लावून घेतली होती. तराजूने एका पालखीला एका पारड्यात ठेवले, दुसरीला दुसऱ्यात. काटा बरोबर मधोमध उभा राहिला. इतका समतोल त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

“अहो, ते दोघं दाराआड भेटतात!” थोरले घर वीतभर फटीतून ओरडले.

“दाराआड काय होतं ते माझ्या पारड्यात येत नाही,” तराजू म्हणाला. तो खरेच बोलत होता, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याचा संताप व्हावा असे ते बोलणे होते.

वेलचीने कडुबाला विचारले, “दोन पालख्या कशाला हो?”

“कायदा पाळतो, ताई.”

तिला कसेसेच झाले. पण पालखीवरचे आपले तोंड तिने पुन्हा एकदा वळून पाहिले, आणि ती पुढे चालू लागली.

सण आला. वेलचीने खीर केली, वाटी पदराखाली धरली आणि निघाली. पहिल्या घरापाशी तिला वाटले, अजून झोपेत असेल. दार तीन बोटे उघडले होते. दुसऱ्याचे दोन. तिसऱ्याने आतून जोर लावला, भिंती थरथरल्या, आणि दार होते तिथेच राहिले. थोरल्या घराचे दार तर पुरते मिटले होते, आणि एका बाजूची भिंतच नव्हती. तिथे जे उघडे पडले होते त्याकडे वेलचीला पाहवले नाही. हे कधी झाले? ती रोज याच रस्त्याने जात होती. रोज!

तिन्हीसांजेचे गाणे. ते तिने शेवटचे कधी ऐकले होते?

ती धावत सुटली. ठेंगूच्या भिंतींचा रंग अजून नवाच होता. उंबरा मात्र लाल होता.

“ठेंगू, दार उघड रे. मी आलेय. मावशी.”

खिडक्या तिच्याकडे पाहत होत्या. दार करकरले आणि एक बोट उघडले.

“भूक लागलीय,” आतून आवाज आला. तो जाडा, चोंदलेला आवाज ठेंगूचा आहे हे तिला कळायला वेळ लागला. “तिखटाचं आत गेलं की आग होते. मोठा घास आत जातच नाही.”

“कुणी आणलं त्याला इथं? त्यानं शपथ घेतली होती!”

ठेंगूने दार आतून पुन्हा एकदा ढकलून पाहिले.

“मावशी, तुमचाच वास आला. म्हणून तर उघडलं.”

वेलचीने वाटी दाराला लावली, वाटी जाईना. चमचा आडवा धरला, जाईना. उभा धरला, तरी जाईना. मग तिने फटीशी तोंड नेऊन खिरीची धार सोडली. थोडी आत गेली. बाकीची उंबऱ्यावरच्या लालात मिसळून खाली ओघळली. वेलची तिथेच बसली आणि मोठ्याने रडू लागली. रडताना तिचे अंग तापले, आणि तापलेल्या अंगाचा वास दुप्पट पसरला.

मागे काहीतरी वाजले. तिने वळून पाहिले.

रस्त्याच्या पलीकडे, जिथे कालपर्यंत मोकळी जागा होती, तिथे नवी घरे उभी राहिली होती. ठेंगूहूनही ठेंगणी. चौकटींना अजून रंग नव्हता, बिजागऱ्या चकचकीत होत्या. एकामागून एक त्यांची दारे उघडत होती, सताड, भिंतीला टेकेपर्यंत.

“नका रे!” वेलची ओरडली. “लावा दारं! मी नाही आले!”

तिने पदर अंगाभोवती घट्ट आवळला, तोंड झाकले, श्वास धरला. वास काही थांबेना. आणि त्या उघड्या दारांसमोर, मध्ये हातभर अंतर राखून, दोन पालख्या अलगद खाली ठेवल्या जात होत्या.