केरबाची मोगरी फुटली तेव्हा

गोदावरीला जाऊन मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठी आवळगाव नावाचे गाव आहे. त्या गावाच्या टेकाडावर रामाचे देऊळ, आणि देवळाच्या ओवरीत वेणुनाथ महाराजांचा मुक्काम. महाराज कुठून आले हे कुणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. एका चैत्रात आले, रामाचा रथ चिखलात रुतलेला पाहिला, धोतराचा काचा मारून चाकाशी बसले, आणि तेव्हापासून गावचेच झाले. भाविकहो, त्या गोष्टीला तीस वर्षे लोटल्यानंतरची ही कथा आहे.

आवळगावचा रथ म्हणजे लहानसहान काम नव्हे. दोन पुरुष उंच, सागाचा, चार भरीव चाकांचा. चैत्र एकादशीला दुपारी तो देवळातून निघतो, कासारआळीच्या उतारावरून नदीच्या घाटावर जातो, तिथे रामरायाच्या पायांवर पाणी घातले जाते, आणि पेठेच्या कमी चढाच्या वाटेने दिवेलागणीच्या आत तो परत येतो. रथाला ना लगाम ना खीळ. त्याला वळवायचे आणि थांबवायचे ते मोगरीने. मोगरी म्हणजे कडुलिंबाची, एका अंगाला निमुळती केलेली, मागे वीतभर मूठ असलेली जाड पाचर. चार चाकांशी चार मोगरीवाले चालतात. चाकाखाली मोगरी सरकवली की चाक अडते, नाहीतर वळते. पुढे दोर ओढणारे शंभर हात, उतारावर मागून ताणून धरणारे तेवढेच, आणि वर जोत्यावर निशाण घेऊन उभा राहणारा एक. निशाण वर गेले की ओढायचे, खाली आले की थांबायचे. तीस वर्षे ते निशाण महाराजांच्या हाती होते.

त्या वर्षी पाडव्याला महाराजांनी निशाण उचलले आणि सगळ्या गावादेखत गेनबा कुंभाराच्या हाती दिले.

गावाने तोंडात बोटे घातली. गेनबा माणूस सोन्यासारखा. पहाटे मडकी भाजून झाली की देवळात येऊन झाडलोट करणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तो अडखळत बोलायचा. ‘राम’ म्हणायला त्याला तीनदा ‘रा’ म्हणावे लागे. आणि रथाचे काम तर हुकमाचे. दौलतराव पाटलांना ते फारच झोंबले. दौलतरावांचा आवाज असा खणखणीत की शिवारातून हाक मारली तर वेशीत गुरे माना वळवत. महाराजांनंतर निशाण आपलेच, असे ते धरूनच चालले होते. त्यांनी नवा फेटाही आणून ठेवला होता.

"महाराजांचं वय झालं," देवळाच्या पायऱ्या उतरताना दौलतराव सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "गेन्याचं ‘थांबा’ पुरं होईस्तोवर रामराया नदीत आंघोळ करून घरी आलेला असंल."

लोक हसले. गेनबानेही मान खाली घालून हसल्यासारखे केले. लोकांनी हसावे याची त्याला सवय होती. त्याचे त्याला दुःख नव्हते. पण रथ अडला, तीस वर्षांत पहिल्यांदा दिवेलागण चुकली, तर हसू महाराजांच्या शब्दाचे होणार होते. त्या विचाराने त्याला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने निशाण आणून महाराजांच्या पायाशी ठेवले. "म... महाराज, माझ्यानं हु... हुकूम सुटायचा न्हाई."

"माझ्या तरी कुठं सुटत होता?" महाराज म्हणाले. "गेनू, रथाला चाकं किती रे?"

"चा... चार."

"आणि वरून मला दिसतं किती?"

गेनबा बोटे मोजू लागला.

"एकही नाही," महाराज म्हणाले. "तीस वर्षं मी वरून ओरडत आलो, लाव, काढ. खाली बसलेल्याला आधी कळायचं, पण तो बिचारा माझ्या तोंडाकडं बघत थांबायचा. मोगरीवाल्या सुभानचं बोट गेलं ते माझा हुकूम उशिरा आला म्हणून. ते माझ्या मनातून जात नाही. रथ रामाच्या कृपेनं चालला, माझ्या शहाणपणानं नव्हे. आता माझ्याकडं बघणारा नको, चाकाकडं बघू देणारा माणूस हवा."

एवढ्या मोठ्या पुरुषाने आपली चूक एका कुंभाराजवळ अशी उघड बोलून दाखवावी! गेनबाचे डोळे भरून आले.

पुढचे आठ दिवस महाराजांनी त्याला मोकळे सोडले नाही. खोकल्याने बेजार असूनही काठी टेकत ते रोज त्याला रथशाळेत नेत आणि एकेका चाकापाशी बसवत. चारही मोगरीवाले तिथे असत: केरबा माळी, सुभान आतार, लिंबाजी आणि लिंबाजीचा धाकटा भाऊ दगडू. गेनबाने त्यांना शिकवायचे नव्हते, विचारायचे होते. सुभानने दाखवले की त्याचे चाक कलण्याआधी आस कुरकुरतो. केरबाने सांगितले की त्याच्या बाजूला उतार जास्त आहे, तिथे मोगरी दोन बोटे आधी लावावी लागते. जन्मभर हे दोघे रथापाशी होते, पण हे त्यांना कुणी विचारलेच नव्हते. मग ठरले की ज्याचे चाक, त्याचा हुकूम. ज्याला धोका दिसेल त्याने ‘लागली’ म्हणून ओरडायचे, बाकी तिघांनी न विचारता आपापली मोगरी लावायची, आणि गेनबाने निशाण खाली घ्यायचे.

एकादशीच्या आदल्या दिवशी महाराजांनी आपल्या झोळीतून एक मोगरी काढली. तीस वर्षांपूर्वीची, झिजून झिजून जेमतेम हातभर उरलेली. तिने बैलगाडीही अडली नसती.

"ही कमरेला असू दे," महाराज म्हणाले. "मोगरीची खरी विद्या काय, सांग बघू."

"ला... लावायची."

"लावायची, आणि लगेच सोडायची. हात ठेवला तर हात जातो. पुष्कळांना लावता येते, सोडता येत नाही. लावणं आपलं, धरणं त्याचं. हे जमलं की तुला माझी गरज नाही."

एकादशी उजाडली. महाराजांचा खोकला वाढला होता. ते ओवरीतच बसून राहिले. गेनबा एकटा जोत्यावर चढला. त्याने देवळाकडे पाहून हात जोडले आणि निशाण वर केले. रथ हलला. मुखाने हुकूम नाही, ओरडा नाही, खालून फक्त चौघांचे आवाज येत होते आणि त्या आवाजांवर निशाण वरखाली होत होते. देवळापुढचा कोपरा रथाने असा सफाईने घेतला की ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली. दौलतराव पुढच्या दोराला पहिल्या जागी होते. त्यांच्या कपाळावरची आठी काही केल्या उलगडेना.

कासारआळीच्या माथ्यावर गेनबाने निशाण खाली घेतले. इथून उतार. मागचे दोर बांधून, ओले करून, माणसे जागेवर उभी राहीपर्यंत रथ हलवायचा नाही, हे ठरलेले. त्याला वेळ लागत होता. ऊन कलले होते.

"दिवेलागण चुकवता काय रं?" दौलतराव खेकसले. गेनबाने मान हलवली आणि निशाण खालीच ठेवले. झाले, दौलतरावांचा तोल सुटला. ते दोराकडे वळले आणि त्यांनी तो आपला शिवार गाजवणारा आवाज लावला, "ओढा!"

शंभर हातांना सवय आवाजाची. निशाणाकडे कुणी पाहिलेच नाही. सगळ्यांनी एकदम हिसका दिला, रथ दचकून उताराला लागला, मागे बांधला जात असलेला एक दोर तटकन तुटला आणि दुसरा हातांतून सुटला. रथाने वेग घेतला तसे पुढचे लोक दोर टाकून दोन्ही बाजूंना पांगले. सैल पडलेला दोर दौलतरावांच्या पायात गुंतला. ते उताण्या अंगाने कोसळले, बरोबर केरबाच्या चाकापुढे.

गेनबाने तोंड उघडले. शब्द आला नाही. पण खालून सुभानचा आवाज आला, "लागली!" आणि कुणाच्याही तोंडाकडे न बघता चौघांच्या चार मोगऱ्या एकाच दमात चाकांखाली गेल्या. तीन चाके करकरत अडली. चौथ्या चाकाखालची केरबाची मोगरी मात्र मधोमध उभी फुटली. तीन अंगांनी अडलेला तो प्रचंड रथ त्या एका बाजूने फिरत, घसटत दौलतरावांकडे सरकू लागला.

गेनबाने निशाण टाकले आणि जोत्यावरून उडी घेतली. कमरेची ती झिजकी मोगरी त्याच्या हाती आली. चाकाखाली तिने काय होणार, हे कुंभाराला कळत नव्हते असे नाही. ती दोन्ही हातांनी दाबून धरावी असेच त्याच्या जिवाला वाटले. पण त्याने ती चाकाखाली सारली, ‘रामा’ म्हटले, आणि हात सोडला. त्या क्षणी तो एकदाही अडखळला नाही, हे त्याला स्वतःला कळलेसुद्धा नाही.

चाक थांबले.

दौलतरावांच्या छातीपासून चार बोटांवर ते थांबले होते. चाकाखाली ती हातभर मोगरी होती. तिला ना तडा, ना चीर. कासारआळीत एवढी शांतता पसरली की देवाच्या छत्रीची घुंगरे ऐकू येत होती. मग सुभानने आणि केरबाने दौलतरावांना काखेत धरून बाहेर ओढले, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. फेटा कुठल्या कुठे गेला होता.

गेनबाने निशाण उचलून धूळ झटकली. पुन्हा वर चढायच्या आधी तो चारही मोगरीवाल्यांपाशी गेला आणि एकेकाकडे पाहिले. चौघांनी मान हलवली. केरबाने नवी मोगरी लावली, गेनबाने ती झिजकी काढून पुन्हा कमरेला खोचली, मागे नवे दोर बांधले गेले, ते पुरते ओले झाले, तेव्हाच निशाण वर गेले. या वेळी शंभर माणसे निशाणाकडे बघत होती. आणि मागच्या दोराला, सगळ्यांच्या शेवटी, बोडक्या डोक्याने दौलतराव पाटील उभे होते. उतार संपेपर्यंत त्यांच्या तळहातांची सालटी निघाली, पण त्यांनी दोर सोडला नाही. घाटावर रामरायाच्या पायांवर पाणी पडले, आणि रथ वाजतगाजत, फुले झेलत परतला. देवळात पहिली पणती लागायची होती तेव्हा तो महाद्वारात उभा होता.

सगळे धावत ओवरीकडे गेले. तिथे हार गुंफणाऱ्या सरूबाई रडत बसल्या होत्या.

"आज काय झालं ते मलाच उमजंना," सरूबाई म्हणाल्या. "ऊन कललं तसं महाराज ताडकन उठले. ज्यांना दोन पावलं चालवत न्हाई, त्यांनी खांबाला खांदा दिला आन् म्हणाले, ‘सोड गेनू, मी धरलंय.’ मग घामाघूम हून खाली बसले."

गेनबाने महाराजांच्या खांद्यावरची छाटी बाजूला केली. खांद्यावर चाकाच्या लोखंडी धावेचा काळानिळा वळ होता आणि त्याला रथाचे वंगण लागलेले होते. गावाच्या डोळ्यांना धारा लागल्या. रामनामाचा असा गजर उठला की टेकाड दुमदुमले!

दौलतराव गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, मी रथ बुडवला असता. माझं तोंड काळं झालं."

"रथ मी एकट्यानं धरला नाही," महाराज म्हणाले. "तीन चाकं त्या चौघांनी आधीच अडवली होती, म्हणून एकाला माझा खांदा पुरला. आणि गेनूनं वेळेवर हात सोडला, म्हणून मला धरायला जागा मिळाली. पाया पडायचं तर तिकडं पड."

ज्याच्या बोलण्यावर जन्मभर हसले, त्या कुंभारापुढे पाटील वाकले. गेनबा गडबडला. त्याने त्यांना दोन्ही हातांनी उठवले, त्यांचे सोललेले तळवे पाहिले, आणि कमरेची ती झिजकी मोगरी काढून त्या तळव्यांवर ठेवली.

"दौ... दौलतराव," तो म्हणाला, "फु... फुडल्या वर्षी क... के... केरबाच्या चाकाशी..."

शब्द अडला. सारे गाव देवळात उभे होते. कुणी हसले नाही, कुणी त्याच्यासाठी वाक्य पुरे केले नाही. दौलतराव मान वर करून, ओंजळीत मोगरी धरून त्याच्या तोंडाकडे पाहत थांबले.

"...तु... तुम्ही बी या," गेनबा म्हणाला.

दौलतराव पुन्हा वाकले, आणि या वेळी ते कुणाला सांगावे लागले नाही. ओवरीत महाराजांनी क्षणभर समाधानाने डोळे मिटले. दुसऱ्या चैत्रापासून ते रथाच्या वेळी मुलाबाळांत बसून फुले उधळू लागले, आणि आवळगावचा रथ दौलतराव धरून पाच मोगरीवाल्यांच्या हुकमावर चालू लागला. रथशाळेच्या कोनाड्यात ती हातभर मोगरी ठेवलेली आहे. एकादशीला रथ हलण्याआधी पाचही जण तिला हात लावतात, आणि लगेच काढून घेतात. ज्याच्या चाकाखालची मोगरी फुटेल, त्याच्यासाठी रामराया असाच खांदा देवो.