फुटाणा बसेना, पेटी निघेना

एका पिल्लाचं नाव होतं फुटाणा.

कुत्र्याचं पिल्लू. रंग भाजलेल्या फुटाण्यासारखा. आणि आकार? तोही फुटाण्याएवढा? छे, एवढा लहान नाही. नारळाएवढा म्हणू या. दोन कान लोंबणारे. एक शेपूट, सारखी हलणारी.

फुटाणा राहायचा मनवाकडे. मनवा छोटी. फुटाणा तिच्याहून छोटा.

एके दिवशी मनवाच्या आईला नवं काम मिळालं. कुठे? नॉर्वे देशात. नॉर्वे म्हणजे लांब. समुद्राच्या पलीकडे, डोंगरांच्या पलीकडे, बर्फात. तिथे चालत जाता येत नाही. विमानानेच जावं लागतं.

"आई जाणार?" मनवाने विचारलं.

"जाणार," बाबा म्हणाले.

"बाबा जाणार?"

"जाणार."

"मी जाणार?"

"जाणार."

"आणि फुटाणा?"

"तो तर जाणारच! तो नसला, तर माझी चप्पल कोण पळवणार?"

विमानात कुत्र्यासाठी एक पेटी असते. पेटीला जाळी. जाळीला कडी. आत पाण्याची वाटी. आणि खाली अंथरायला फुटाण्याची गोधडी.

गोधडी होती मनवाच्या जुन्या फ्रॉकांची. एक तुकडा पिवळा. एक तुकडा लाल. एकावर हत्ती. फुटाणा रोज तिच्यावरच झोपायचा. दुसऱ्या कशावर नाही म्हणजे नाही.

निघायच्या दिवशी आईने गोधडी पाहिली.

"अगं बाई! परक्या गावात ही मळकी गोधडी न्यायची? लोक काय म्हणतील?"

आईने गोधडी धुतली. घुसळ घुसळ. धोप धोप. पीळ पीळ.

"आज धुतलीस?" बाबा म्हणाले. "आज निघायचंय!"

"मग काय तिकडच्या लोकांसमोर धुऊ?" आई म्हणाली.

गोधडी म्हणजे काय रुमाल आहे? ती कुठली वाळायला! बाबांनी ती गाडीच्या खिडकीबाहेर धरली. फडफड, फडफड. गोधडी वाळली का? नाही. बाबांची बाही मात्र भिजली.

आला विमानतळ. तिथे होत्या सुरवसेमावशी. त्या प्राण्यांच्या पेट्या तपासायच्या. कमरेला किल्ल्या. छुन छुन छुन.

मावशींनी गोधडी दाबून पाहिली. पचक!

"ओली आहे हो ही. ओली चालायची नाही. वर आभाळात गारठा असतो. लेकरू कुडकुडेल माझं."

"मग गोधडीशिवाय बसवू," आई म्हणाली.

फुटाणा पेटीत गेला. हुंगलं इकडे. हुंगलं तिकडे. गोधडी नाही! फुटाणा बाहेर आला.

बाबांनी आत ठेवला. फुटाणा बाहेर आला.

मनवाने आत ठेवला. फुटाणा बाहेर आला.

"अस्सा आहे होय हा!" मावशी म्हणाल्या. त्यांनी गोधडी कठड्यावर वाळत टाकली. "विमान निघायच्या आत बसला, तर जाईल. नाही बसला, तर राहील इथेच."

मनवाने पेटीची जाळी घट्ट धरली. "फुटाणा इथे? आणि मी तिथे?"

फुटाण्याने ते ऐकलं. त्याचे दोन्ही कान उभे राहिले. तो हळूच सटकला. निघाला. दुडू दुडू दुडू.

आली गोधडी. टिप टिप टिप.

"गोधडीबाई, गोधडीबाई, पेटीत चल ना!
फुटाणा बसेना,
पेटी निघेना!"

गोधडी म्हणाली, "कशी येऊ रे राजा? मी ओलीचिंब. ऊन पडलं, तर वाळेन. वाळले, तर येईन. टिप!"

एक थेंब पडला फुटाण्याच्या नाकावर. आक्छी!

फुटाणा निघाला. दुडू दुडू दुडू.

आलं ऊन. छपराच्या टोकावर बसलं होतं, एवढंसं. बोटाएवढं.

"उन्हा उन्हा, पड ना!
गोधडी वाळेना,
फुटाणा बसेना,
पेटी निघेना!"

ऊन म्हणालं, "मला काय हौस आहे लपायची? माझ्यासमोर ढग बसलाय, फतकल मारून. ढग सरकला, तर पडेन. नाहीतर कसं पडेन?"

फुटाणा निघाला. दुडू दुडू दुडू.

आला ढग. तो होता वर. फुटाण्याने मान वर केली. अजून वर. अजून वर. धुप! पडला पाठीवर. पडल्या पडल्या म्हणाला,

"ढगोबा ढगोबा, सरक ना!
ऊन पडेना,
गोधडी वाळेना,
फुटाणा बसेना,
पेटी निघेना!"

ढग म्हणाला, "सरकू? मी? गुडगुड! माझं पोट बघितलंस? असं पोट घेऊन कुणी सरकतं का? वाऱ्याने ढकललं, तर सरकेन. नाहीतर बसेन. गुडगुड!"

फुटाणा उठला. अंग झटकलं. निघाला. दुडू दुडू दुडू.

कुठून गेला? विमानं धावतात तिथून? नाही, नाही! तिथून मुळीच नाही. तो कडेकडेने गेला. गवतातून.

आली एक उंच काठी. काठीवर लोंबत होता एक मोजा. लांबच लांब. लाल आणि पांढरा. एवढा मोठा पाय कुणाचा? कुणाचाच नाही. तो वाऱ्याचा मोजा. वारा कुठून येतो, ते त्याच्यावरून विमानांना कळतं. आज वारा कुठूनच येत नव्हता. तो मोज्यातच झोपला होता. घूंऽऽऽ फूस. घूंऽऽऽ फूस.

"वाऱ्या वाऱ्या, ऊठ ना!
ढग सरकेना,
ऊन पडेना,
गोधडी वाळेना,
फुटाणा बसेना,
पेटी निघेना!"

वारा म्हणाला, "मी झोपलोय."

"झोपलेले बोलत नाहीत!" फुटाणा म्हणाला.

"मी बोलतो. कुणी गुदगुल्या केल्या, तर उठेन. नाहीतर लोळेन. घूंऽऽऽ फूस."

फुटाण्याने उडी मारली. टुणुक! मोजा उंच. अजून एक उडी. टुणुक! मोजा उंचच. फुटाणा बुटका.

इतक्या उंच कोण जाईल? ज्याला पंख आहेत, तो जाईल. फुटाणा निघाला. दुडू दुडू...

"टिटीव-टिव! टिटीव-टिव! थांब! पाय जपून!"

आली टिटवी. पाय पिवळे. चोच लाल. ती गवतात बसली होती, जमिनीवर.

"माझी अंडी आहेत इथे!" टिटवी ओरडली.

"कुठे?" फुटाणा म्हणाला. "मला तर खडे दिसतात."

"खडे म्हणे! खडा तू! ही माझी बाळं आहेत!"

फुटाण्याने डोळे बारीक केले. खरंच की! खड्यांसारखी दिसणारी अंडी. तो एक पाऊल मागे सरला.

"टिटवीताई टिटवीताई, उड ना!
वारा उठेना,
ढग सरकेना,
ऊन पडेना,
गोधडी वाळेना,
फुटाणा बसेना,
पेटी निघेना!"

टिटवी म्हणाली, "मी उडले, तर अंडी गारठतील. कुणी ऊब दिली, तर उडेन. नाहीतर हलणार नाही. टिटीव-टिव!"

ऊब कोण देईल? कुणीतरी मोठं हवं. खूप मोठं. फुटाणा निघाला. दुडू दुडू दुडू.

आलं विमान. केवढं थोरलं! फुटाणा त्याच्या चाकाएवढासुद्धा नाही.

"विमानदादा विमानदादा, बस ना!
टिटवी उडेना,
वारा उठेना,
ढग सरकेना,
ऊन पडेना,
गोधडी वाळेना,
फुटाणा बसेना,
पेटी निघेना!"

"बसू? कुठे बसू?" विमानाने विचारलं.

"अंड्यांवर!"

विमान हसलं. खो खो खो! खिडक्या खडखडल्या. चाकं डुगडुगली.

"अरे वेड्या! मी बसलो, तर अंड्यांचं ऑम्लेट होईल! आणि माझं पोट पत्र्याचं. गारेगार. अंड्यांना कसं पोट हवं? मऊ. गरम. केसाळ. शोध, शोध. पण लवकर हं. मी निघालोच. घर्रर्र!"

मऊ, गरम, केसाळ पोट! कुठे असेल?

फुटाण्याने उजवीकडे पाहिलं. नाही. डावीकडे पाहिलं. नाही. मागे पाहिलं. तिथे त्याची शेपूट होती. मग त्याने खाली पाहिलं.

अरेच्चा!

फुटाणा धावत सुटला. दुडूदुडूदुडूदुडू!

"टिटवीताई, माझं पोट चालेल?"

टिटवीने चोचीने पोट टोचून पाहिलं. टुच टुच.

"मऊ आहे. गरम आहे. चालेल. पण एक सांगते. मी येईपर्यंत हलायचं नाही."

"नाही हलणार."

"कानसुद्धा नाही."

"नाही."

"शेपूटसुद्धा नाही!"

फुटाण्याने मागे शेपटीकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला.

तो अंड्यांभोवती गोल झाला. हळू. हळू. अगदी हळू. अंडी पोटाशी आली. फुटाणा गप्प.

टिटवी उडाली! फर्रर्र!

तिने मोज्याला पंखाने गुदगुल्या केल्या. गुदु गुदु गुदु! "ही ही ही! हू हू हू! पुरे, पुरे!" म्हणत वारा उठला! मोजा फुगला. फुस्स!

वाऱ्याने ढगाला ढकललं. "ए, ए! पोटाला धरून ढकलू नकोस!" म्हणत ढग सरकला! गडगड गडगड, गेला घरंगळत.

ऊन पडलं! छपरावर पडलं. गवतावर पडलं. कठड्यावर पडलं. गोधडीवर पडलं.

गोधडी वाळायला लागली. आधी पिवळा तुकडा वाळला. मग लाल तुकडा वाळला. मग हत्ती वाळला. सोंड राहिली.

घर्रर्र! विमानाचे पंखे फिरायला लागले.

लांबून हाक आली. "फुटाणाऽऽ! ए फुटाणाऽऽ!"

मनवाचा आवाज! फुटाण्याची शेपूट म्हणाली, "हलू?"

फुटाणा म्हणाला, "नको."

"फुटाणाऽऽ! कुठे आहेस रेऽऽ?"

"आता हलू?" शेपूट म्हणाली.

"नको ना!"

घर्रर्रर्र! विमान मोठ्याने घरघरलं. एक मुंगी आली. फुटाण्याच्या नाकावर चढली. नाकावरून डोळ्यावर गेली. डोळ्यावरून कानात गेली. कानातून बाहेर आली.

"थोडीशी हलू?" शेपूट म्हणाली. "टोकापुरती?"

"नाही म्हणजे नाही!" फुटाणा म्हणाला. "अंडी गारठतील."

फुटाणा हलला नाही. अंडी उबेत राहिली.

आणि टिटवी? ती अजून गुदगुल्याच करत होती! वारा हसतोय, तीही हसतेय. ही ही! टिटीव-टिव! हू हू! टिटीव-टिव! मग तिला एकदम आठवलं.

"अगं बाई! ते पिल्लू!"

फर्रर्र! टिटवी खाली आली. तिने अंडी पाहिली. सगळी गरम. तिने फुटाण्याकडे पाहिलं. फुटाणा अजून दगडासारखा.

"शहाणा गं माझा भाऊ!" टिटवी म्हणाली. "आता हलव शेपूट! पळ!"

आणि शेपूट हलली! इकडे हलली. तिकडे हलली. गोल फिरली. विमानाच्या पंख्यासारखी फिरली! फुटाणा धावला. वारा मागून ढकलत होता. दुडूदुडूदुडूदुडू!

सोंड वाळली. गोधडी वाळली!

सुरवसेमावशींनी गोधडी दाबून पाहिली. पचक? नाही. मऊ! मावशींनी ती गालाला लावली.

"आता कशी ऊनऊन झाली! घ्या, अंथरा लवकर."

गोधडी पेटीत गेली. मागोमाग फुटाणा पेटीत गेला. एक गिरकी घेतली. अजून एक घेतली. आणि हत्तीवर हनुवटी टेकवली.

फुटाणा बसला!

खटक! कडी लागली. छुन छुन छुन! मावशींनी पेटी ढकलली.

टिटवी उडाली,
वारा उठला,
ढग सरकला,
ऊन पडलं,
गोधडी वाळली,
फुटाणा बसला,
पेटी निघाली!

विमान धावलं. धावलं, धावलं आणि उडालं! घूंऽऽऽऽ!

वर खुर्चीत मनवा. खाली पेटीत फुटाणा. मनवा आईला विचारायची, "तो घाबरला नसेल ना?" आई म्हणायची, "गोधडी आहे ना त्याच्यापाशी." थोड्या वेळाने आईच बाबांना विचारायची, "तो घाबरला नसेल ना हो?"

फुटाणा काय करत होता? घोरत होता.

समुद्र गेला. डोंगर गेले. आलं नॉर्वे! बाहेर पांढरं पांढरं, गार गार.

एका काकांनी पेटी आणली. खूप उंच काका. त्यांची दाढी पिवळी. मनवाने कडी काढली. खटक!

आधी नाक बाहेर आलं. मग कान. मग बाकीचा सगळा फुटाणा एकदम आला, आणि थेट मनवाच्या कुशीत!

"आलास तू! आलास ना माझ्याबरोबर!" मनवा म्हणाली. ती रडत होती की हसत होती? मला वाटतं, हसतच होती.

फुटाण्याने तिचा गाल चाटला. आईचा गाल चाटला. बाबांचा चाटला. मग उडी मारून त्या उंच काकांचाही चाटला. टुणुक! स्लर्प!

काकांना मराठी येत नव्हतं. त्यांनी गाल पुसला, आणि खाली वाकून दुसरा गाल पुढे केला.

पेटीची कडी उघडली,
गोष्ट तुझ्या उशीखाली दडली.