जकात नाक्याचा दांडा

फार वर्षांपूर्वी एका गावाच्या वेशीवर दगडी जकात नाका होता. त्याचा जाडजूड सागवानी दांडा आडवा झाला की गाड्या थांबत आणि गाडीवान त्याला शिव्या घालत. घंटा वाजली की दांडा वर जाई आणि सगळे सुसाट सुटत.

पुढे जकात बंद झाली. नाका पाडायच्या आत यमुताई रेग्यांनी तिथं कॉफीघर थाटलं आणि दांडा चिरून लांब बाकडं केलं.

तिथंच टांगलेली घंटा दांड्याला फिदीफिदी हसली. "तुझ्यापाशी आपणहून कोण थांबणार रे? सगळे वाट बघायचे ती माझी!"

पहिल्याच संध्याकाळी बाकडं गच्च भरलं. बंद करायची वेळ झाली तशी यमुताईंनी घंटा वाजवली. कुणी हललंसुद्धा नाही.

एके काळी दांड्याला सर्वांत जास्त शिव्या घालणारे म्हातारे गाडीवान बंडोबा बाकड्यावर ऐसपैस मांडी घालत म्हणाले, "ताई, अजून एक कॉफी आणा."

खालून दांडा म्हणाला, "वाज की गं पुन्हा!"